मावशीचं पहिलं ताट

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर फारसं काही नाही. सांगलीच्या विश्रामबागेतलं दोन खोल्यांचं बिऱ्हाड, खिडकीतून आलेलं सकाळचं ऊन, एक लोखंडी खाट आणि खाटेच्या कडेला बसलेला एक माणूस. त्याच्या पुढ्यात स्टीलची वाटी, वाटीत चार चमचे तांदळाची पेज. माणूस त्या वाटीकडं असा बघतोय, की जणू तिनं चारचौघांत त्याचा पाणउतारा केलाय. गल्लीच्या टोकाला गणपतीच्या मांडवातला कर्णा वाजतोय आणि शेजारच्या घरातून तळणीच्या मोदकांचा वास थेट खाटेपर्यंत येतोय. साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर, सप्टेंबरचा शेवट.

हा नाथाजी. मूळचा कोरेगावकडचा, पण बावीस वर्षं त्याचं गाव म्हणजे भाऊसोंचा तमाशाचा फड. फडात तो मावशी करायचा. गवळणींना मथुरेच्या बाजाराला घेऊन निघालेली, तोंडानं फटकळ, अंगानं अवाढव्य अशी ती म्हातारी. सोंग उतरवलं तरी फडात त्याला कुणी नाथाजी म्हणत नसे. ढोलकीवाल्यापासून स्वैपाकिणीपर्यंत सगळ्यांची तो मावशीच.

त्याचं वजन एकशे अठरा किलो होतं. कोरेगावच्या बाजारात गुळाच्या काट्यावर त्याला एकदा गंमत म्हणून बसवलं होतं, तेव्हा बघायला शे-पन्नास माणसं जमली होती. आणि त्या वजनाचं त्यानं सोनं केलं होतं. गवळणीत पेंद्या वाट अडवून घागरी मोजायला लागायचा. पाच गवळणी, पाच घागरी. मग तो मावशीच्या पदराकडं बोट करायचा आणि सहावी घागर कुठं लपवून नेतीस म्हणून विचारायचा. नाथाजी नुसता पदर सावरायचा. एक शब्द बोलायचा नाही. माणसं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडायची.

तेच पोट उलटलं. वर्षानुवर्षं अवेळी जेवण, लाल चटणी, उपाशीपोटी चहावर चहा. पोटातल्या जखमेकडं त्यानं कधी लक्ष दिलं नाही. उन्हाळ्यात, हंगाम संपता संपता, राहुटीतच रक्ताची उलटी झाली. पावसाळाभर औषधं झाली आणि ऑगस्टच्या अखेरीला मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन. डॉक्टरांनी पोटाचा पाऊण हिस्सा काढून टाकला. जखम गेली, आणि या निमित्तानं वजनही उतरेल, ते उतरायलाच हवं होतं, नाहीतर काळजानं दगा दिला असता, असं डॉक्टर म्हणाले. आता जन्मभर थोडं थोडं खायचं, सावकाश चावून, दर दोन तासांनी. गोड जपून.

महिन्यात एकवीस किलो उतरले. डॉक्टर खूश झाले. खूश झालेला तो एकटाच माणूस.

कारण भेटायला येणारा जो तो दारातच थबकायचा. चुलतभाऊ लालासाहेब, पलटणीतून हवालदार होऊन आलेला, कोरेगावाहून मुद्दाम एसटीनं आला. खाटेजवळ बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि म्हणाला, “नाथा, पार वाळलास की रं.” सत्त्याण्णव किलोचा माणूस समोर बसलेला, आणि भाऊ असा चेहरा करून, की आता फक्त खांदेकरी बोलवायचे राहिलेत. नाथाजीला हसू यायला हवं होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याचाच त्याला राग आला.

राग सगळ्यांचाच यायचा. पहिला बहिणीचा, जिच्या बिऱ्हाडात तो दवाखान्यातून आला होता. मनुबाईनं नवऱ्याचं गजराचं घड्याळ खाटेजवळ आणून ठेवलं होतं. नवरा कॉलेजात शिपाई, तो सायकल काढून गेला की ही घड्याळाकडं बघत दोन-दोन तासांनी वाटी घेऊन हजर.

“तुरुंगात सुदिक दोन टायम पोटभर घालत्यात,” नाथाजी म्हणाला.

“मग जा की दादा. मला तरी निवांत झोपाया मिळंल,” मनुबाई म्हणाली आणि चमचा त्याच्या हातात दिला.

भूक पोटात नसते, हे त्याला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. पोट चार चमच्यांत गच्च व्हायचं. पाचवा घेतला तर छातीखाली धोंडा ठेवल्यासारखं वाटायचं. पण तोंड, नाक, डोळे, हात, सगळे उपाशी. शेजारणीनं कांदा परतला की तो खिडकी लावून घ्यायचा, आणि थोड्या वेळानं स्वतःच उठून उघडायचा. दुपारी भाचरं जेवायला बसली की त्यांच्या ताटात कोण किती टाकतंय हे तो बघत राहायचा. एकदा धाकटीनं अर्धी भाकरी तशीच सोडली, तर तिच्यावर असा खेकसला, की पोर घास तोंडात धरून रडायला लागली. संध्याकाळपर्यंत तो भिंतीकडं तोंड करून पडला होता.

एक दिवस स्वतः भाऊसो आले. सत्तरीचे, पांढरं धोतर, हातात साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा पुडा. आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं जायचं नाही, एवढंच त्या भल्या माणसाला ठाऊक. तेही दारात थबकले, पण मालक असल्यामुळं लगेच सावरले. इकडचं तिकडचं बोलणं झालं. दसऱ्याला हंगाम सुरू होतोय, पहिला खेळ जतकडं धरलाय, असं त्यांनी सांगितलं. मग पेढ्यांच्या पुड्याची दोरी सोडत, त्याच्याकडं न बघता म्हणाले, की औंदा त्यानं विश्रांती घ्यावी. अर्जुना मावशी करील. हलगी वाजवतो तो किडमिडा अर्जुना. पोटाला उशी बांधायची.

नाथाजीनं एकच विचारलं, “आन पहिलं ताट?”

“ते बी त्योच खाईल की. तरणा हाय.”

या पहिल्या ताटाचं सांगायला हवं. भाऊसोंच्या फडात रीत होती. हंगामाच्या पहिल्या दिवशी दुपारी घुंगरांच्या आणि ढोलकीच्या पेटीची पूजा व्हायची. नैवेद्याचं ताट पेटीपुढं ठेवायचं आणि ते मावशीनं खायचं, कारण फडातली वडीलधारी बाई तीच. ताटात शीत उरता कामा नये. उरलं तर वर्षभर खेळ अर्ध्यावर मोडतात. ताट रिकामं होईपर्यंत फडात दुसऱ्या कुणी घास घ्यायचा नाही. आणि ज्यानं ते ताट संपवलं, त्या वर्षाची मावशी तोच. बावीस वर्षं नाथाजी ते ताट हसतखेळत संपवत आला होता आणि वर आणखी एक पोळी मागत आला होता.

“मालक, लोक बावीस वर्षं माझ्या पोटाला हसल्यात, उशीला न्हाई,” तो म्हणाला. “ताट मीच खानार. दसऱ्याला येतो मी.”

भाऊसो गेले. आणि नाथाजीनं एक चूक केली. तालमीत ती केली असती तर तिला मेहनत म्हणाले असते. बारका गडीसुद्धा रोज दोन जोर वाढवत शंभरावर जातो, हे त्यानं बघितलेलं. पाठ नसलेली गवळण रोज दोन ओळींनी पाठ होते, हे तर त्याच्या हाडात मुरलेलं. मग पोटाचीही तालीम का नाही? आज चार चमचे, उद्या पाच, परवा सहा. दसऱ्यापर्यंत ताट. मनुबाईच्या नकळत तो पातेल्यातून वाढून घ्यायला लागला. चौथ्या दिवशी दाराआड उभं राहून त्यानं भाऊसोंचे पाच पेढे एकापाठोपाठ एक खाल्ले. पाव तास फार तर गेला असेल. अंगाला दरदरून घाम सुटला, काळीज धडधडायला लागलं, खोली गरगर फिरली आणि तो दाराला धरून खाली बसला. मनुबाईनं घाबरून गल्ली गोळा केली. रिक्षातून मिरजेला नेलं.

डॉक्टर ओरडले नाहीत, हेच त्याला जास्त लागलं. शांतपणे म्हणाले, की पोट हे तालमीचं काम नव्हे. हट्ट केलात तर टाके आतून दगा देतील. थोडं थोडं, दोन तासांनी. आयुष्यभर. परतीच्या वाटेवर नाथाजीनं मनुबाईला विचारलं, की आयुष्यभर म्हणजे किती. तिनं रिक्षावाल्याला किती वाजले ते विचारलं.

तरीही दसऱ्याला तो गेला. मनुबाईनं भांडून बघितलं, दोन दिवस अबोला धरून बघितला, शेवटी पेजेच्या पिठाची पुडी बांधून दिली.

जतच्या माळावर राहुट्या पडल्या होत्या. गावानं पाण्याचा एक टँकर फडासाठी वेगळा ठेवला होता. नाथाजी उतरला तेव्हा सगळी मंडळी पुढं आली आणि जागच्या जागी थबकली. पेंद्या करणारा बिराप्पा तेवढा बोलला, “मावशी, निम्मी कुठं ठिवून आला?” कुणी हसलं नाही. बिराप्पालाही ते कळलं आणि त्यानं नाथाजीची ट्रंक उचलली.

दुपारी एक वाजता पूजा झाली. ताट आलं. दोन पुरणपोळ्या, वर तुपाची धार, कटाची आमटी, भाताची मूद, कुरडई, दोन भजी, बटाट्याची भाजी. भोवती चाळीस माणसं रिकामी ताटं घेऊन बसलेली. सकाळपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं. बाजूला अर्जुना, पाटाशेजारी, हात धुऊन तयार.

नाथाजीनं बावीस वर्षांच्या सवयीनं मोठा घास तोडला. दुसरा तोडला. अर्धी पोळी, दोन भुरके आमटी. आणि ते आलं. मानेवर घाम, छातीत हलगी. पेटीला पाठ टेकून त्यानं डोळे मिटले. राहीबाई, पंधरा वर्षं त्याच्याबरोबर गवळण करणारी, पदरानं वारा घालायला लागली. दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. भाऊसोंनी अर्जुनाला हळूच खूण केली. अर्जुना पुढं सरकला.

नाथाजीनं डोळे न उघडता ताटावर हात ठेवला.

“ताट माझं हाय, मालक. उरवायचं न्हाई, एवढीच रीत. किती येळात खायाचं, ते कुनी ठरीवलंय?”

भाऊसो विचारात पडले. त्यांच्या वडलांनी फड काढलेला, चाळीस वर्षं त्यांनी चालवलेला, पण ताटाला वेळ कुणी लावली नव्हती. तशी कधी पाळीच आली नव्हती. त्यांनी अर्जुनाला मागं बसायला सांगितलं.

मग जे जेवण सुरू झालं, तसं जेवण त्या फडानं ना आधी बघितलं ना नंतर. चार घास. प्रत्येक घास तोंडात पार पाणी होईपर्यंत चावायचा. मग थांबायचं. अर्ध्या-पाऊण तासानं पुन्हा चार. आमटी निवली, चुलीवर ठेवली, पुन्हा निवली. स्वैपाकीण भांडी आपटायला लागली. लहान पोरांना रीत लागू नाही असं ठरवून भाऊसोंनी त्यांना चिरमुरे वाटले, तर मोठी माणसं त्या चिरमुऱ्यांकडं बघायला लागली. ढोलकीवाला उपाशीपोटी घोरत पडला. बिराप्पानं विचारलं, “मावशी, ताट खाताय का राखताय?”

“ऱ्हा गप,” राहीबाई म्हणाली. पण पोट तिचंही कळवळत होतं, आणि तिनंही दोनदा सूर्याकडं बघितलं.

नाथाजीला ते सगळं दिसत होतं. आजवर त्याला बघून माणसं हसली होती. आज चाळीस माणसं त्याचं तोंड हलताना बघत होती आणि आपापली थुंकी गिळत होती. त्याला लाज वाटत होती, राग येत होता. डॉक्टरांचा, पेढ्यांचा, ही रीत घालून गेलेल्या कुण्या म्हाताऱ्याचा, आणि सगळ्यांत जास्त त्या पोळीचा. दुपारी लुसलुशीत असलेली पोळी चार वाजता चामड्यागत झाली होती. पुरण घशाखाली उतरत नव्हतं. एकदा तर त्यानं ताट अर्जुनाकडं सरकवण्यासाठी कडेला बोट लावलं. अर्जुनाही पुढं झुकला. मग नाथाजीनं त्याच बोटानं भाताची दोन शितं उचलली आणि तोंडात टाकली.

साडेसहाला, दिवस माळावर टेकला तेव्हा, कुरडईचा शेवटचा तुकडा गेला. त्यानं ताट उचलून भाऊसोंना दाखवलं. शीत नव्हतं. भाऊसोंनी नारळ फोडला. रात्रीच्या गवळणीत मावशीच्या पोटाच्या जागी काय बांधायचं हा प्रश्न तसाच होता, पण तो विचारायला कुणाला सवड नव्हती. फड अन्नावर तुटून पडला. बोलणं बंद, नुसते भुरके. बिराप्पानं चौथी पोळी दुधात बुडवली. अर्जुना भजी मोजायच्या भानगडीत न पडता ओंजळीनं घेत होता.

नाथाजी पेटीला टेकून बसून होता. समोर राहीबाई बसली होती. तिनं तिसरी पोळी दुमडली, तुपात पार भिजवली, अख्खा घास भरला, आणि भरल्या तोंडानंच मायेनं विचारलं, की मावशी, आता तरी समाधान झालं न्हवं.

नाथाजी तिच्या हातातल्या पोळीकडं बघत होता.

“राहीबाई,” तो म्हणाला, “जरा तिकडं तोंड करून जेवा. बघवत न्हाई मला.”