उंचवट्यावरून उतरवायचं कोणी?

व्हर्लिन कोलार एक उन्हाळाभर बेसबॉलच्या मोठ्या संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता, आणि पुढे आयुष्यभर दुधाचा टँकर चालवत होता. नेब्रास्कातल्या त्याच्या गावाने टँकर कधी जमेसच धरला नाही. खांदा गेला, संघाने घरी धाडलं, त्याला चाळीसेक वर्षं झाली. तरी न्हाव्याकडे त्याला खुर्ची आधी मिळते. टकलाला घाई कसली, हे कोणी विचारत नाही. त्याची बोटं मात्र अजून संत्रंसुद्धा चेंडूसारखं, शिवणी चाचपत धरतात.

यंदा गावच्या संघाने हंगामाचा मानाचा पहिला चेंडू त्याला टाकायला सांगितलं. पाहुणे तो पुढच्या हिरवळीवरून टाकतात; अंतर कमी, अब्रू शाबूत. व्हर्लिनला मात्र मधल्या, पिचरच्या मातीच्या उंचवट्यावरूनच टाकायचा होता.

"वरून टाकलास तर खांदा मी शेकणार नाही हं," बायको आर्डिस म्हणाली.

"नको शेकू. मला एकदा तिथं उभं राहायचंय, बस्स."

शनिवारी दुपारी तो थेट वर चढला. बुटाने माती उकरली. समोर टेट, गावचा कॅचर, चेंडू झेलायला हातमोजा उघडून बसला. टाळ्या वाजल्या, थांबल्या. व्हर्लिन वाकून बघतच राहिला.

"काका, डुलकी लागली का?" बाकावरून कोणीतरी ओरडलं.

टेटच्या मात्र ध्यानात आलं. म्हातारा खुणेची वाट बघतोय! कुठला चेंडू टाकायचा हे कॅचर बोटांनी सांगतो. पण मानाच्या चेंडूला कोण सांगतं? टेटने एक बोट दाखवलं, म्हणजे सरळ, जोरात. व्हर्लिनने नकारार्थी मान हलवली. लोक खो खो हसले. मग दोन बोटं, वळणारा. व्हर्लिनने मान डोलावली.

चेंडू वळला, खरंच वळला, आणि टेटच्या हातभर अलीकडे धुळीत पडला.

टेटने तो सवयीने परत फेकला. तिथंच घोटाळा झाला. हातात चेंडू असलेला पिचर आपणहून उतरत नसतो. मॅनेजरने येऊन तो मागायचा असतो. आजच्या सामन्याचा खरा पिचर कडेला ताटकळला. पंच खाकरला. मॅनेजर पोरसवदा, त्याचे पाय उचलेनात.

शेवटी पर्स सांभाळत आर्डिसच गेली. समोर उभी राहून तिने हात पुढे केला.

"दमलो नाहीये गं मी."

"दिसतंय."

"त्या वेळच्या मॅनेजरलाही हेच सांगितलं होतं. त्याने ऐकलं नाही."

आर्डिसने हात मागे घेतला, चेंडू त्याच्याकडेच राहू दिला आणि पाठ फिरवून चालू लागली. खरा पिचर टोपी काढून बाकावर बसला.