काचेची तार

माझ्या मोठ्या भावाने नागपूरला नवी साउंड सिस्टिम घेतली आणि जुना अँप्लिफायर न् दोन स्पीकर आमच्याकडे पाठवून दिले. आमचं गाव तिरोड्याच्या पुढे, बोदलकसा तलावाच्या बाजूला. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते, नवरा धानाची शेती करतो, आणि घरात तिसऱ्या माझ्या सासूबाई. गाण्याचं वेड मला एकटीला. ती जड पेटी मी हॉलमध्ये टीव्हीखाली मांडली तेव्हा नवरा म्हणाला, "एवढ्या आवाजानं म्हस दूध देणं बंद करन वो."

डिशच्या बॉक्समधून आवाज अँप्लिफायरमध्ये न्यायला दोन वाटा होत्या. एक गोल भोक, त्यात कोअॅक्सिअल म्हणजे साधी तांब्याची केबल बसते. दुसरं चौकोनी, आतून लाल उजेड डोकावणारं. ते ऑप्टिकल. त्या केबलमध्ये धातू नसतोच, काचेसारख्या धाग्यातून आवाज उजेड होऊन जातो. दोन्ही डिजिटलच. भावाने सामानात तांब्याची केबल टाकली होती, म्हणून मी तीच लावली.

आवाज ऐकून मी थक्क झाले. तबल्यावरचं बोट कुठे पडलं तेही कळत होतं. पण गाणं थांबलं की मागे घूंऽऽ अशी बारीक घरघर राहायची. बॉक्स बंद केला तरी राहायची. केबल काढली की जायची.

सासूबाईंना त्याचं काही नव्हतं. त्यांच्या सकाळच्या भजनांचा चॅनल आता देवळात बसल्यासारखा वाजायचा आणि त्या खूश होत्या. पावसाळा संपल्यापासून त्यांची एकच तक्रार होती. अंगणात कपडे वाळत घालताना हाताला मुंग्या येतात. त्यांना शुगर आहे. तिरोड्याच्या डॉक्टरांनी नसांच्या गोळ्या दिल्या होत्या आणि आम्ही तो विषय तिथेच सोडला होता. सिस्टिम आल्यावर काही दिवसांनी त्या स्वतःच म्हणाल्या, "तुया बाजा आला तशा माया हाताच्या मुंग्या गेल्या वो."

आम्ही दोघं खूप हसलो. नवरा म्हणाला, "मंग गोळ्या कायले खातं? भजनच ऐक."

घरघर मात्र मला सहन होईना. फोनवर शोधलं तेव्हा समजलं, हा 'ग्राउंड लूप'. दोन यंत्रांच्या जमिनीच्या जोडणीत फरक असला की तांब्याच्या केबलमधून तो वाहतो आणि स्पीकरमध्ये ऐकू येतो. उपाय सोपा होता, ऑप्टिकल केबल लावा. शनिवारी शाळा सुटल्यावर गोंदियाला गेले. बाजारातल्या दुकानदाराने दोन-तीन केबल काउंटरवर टाकल्या.

"मैडम, ऑप्टिकल ही ले जाओ. इसमें करंट जाता ही नहीं, तो आवाज किधर से आयेगा?"

बरोबरच होतं त्याचं. घरी आल्यावर मी तांब्याची केबल उपसली, नवीन बसवली आणि गाणं लावून थांबवलं. घरघर नाही. काही म्हणजे काही नाही. मी नवऱ्याला हाक मारून ती शांतता ऐकवली. तो म्हणाला, "आता काय ऐकू? काहीच तं नाही."

"तेच तर!" मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार. नवरा धानाच्या बांधीकडे, शेतात गेला होता. मी सिस्टिमवर सतारवादन लावून बसले होते. अंगणात काहीतरी आपटल्याचा आवाज झाला आणि बादली फरशीवरून गडगडत गेली. मी धावले. सासूबाई उताण्या पडल्या होत्या, डोळे उघडे, ओठ हलत होते पण आवाज नव्हता. ओलं लुगडं तारेवरून लोंबत होतं आणि त्याचं टोक त्यांच्या पोटावर होतं. अंगण नुकतंच धुतलेलं, सगळीकडे पाणी.

मी हात पुढे केला. त्यांनी कसाबसा मानेने नकार दिला. तेव्हा कुठे मला समजलं, हा करंट. आत पळत जाऊन मेन स्विच पाडला. परत आले तर त्या कुशीवर वळल्या होत्या.

"तारेनं ओढून फेकलं वो मले," त्या म्हणाल्या. तळहातावर काळपट रेघ उमटली होती.

शेजाऱ्यांच्या गाडीतून तिरोड्याला नेलं. छातीचा ईसीजी काढला, तो ठीक आला. डॉक्टर म्हणाले, हात तारेला चिकटला नाही म्हणून वाचल्या. कंबर ठेचली होती. नवरा शेतातून तसाच चिखलाच्या पायांनी दवाखान्यात आला आणि आईच्या पायाशी बसून राहिला.

संध्याकाळी त्यांना घरी आणलं. वायरमन आला. न्हाणीच्या बल्बची वायर छपराच्या टिनाच्या कडेवरून गेली होती. माकडं टिनावर उड्या मारतात, त्या हादऱ्याने घासून घासून तिचं प्लास्टिक फाटलं होतं आणि आधी जेमतेम टेकणारी आतली तार आता टिनाला पुरती टेकत होती. त्याच टिनावर डिशचा खांब. खांबाला बांधलेली कपड्यांची लोखंडी तार.

त्याने आम्हाला लांब उभं केलं, मेन चालू केला आणि तारेला टेस्टर लावला. लख्ख पेटला.

तेवढ्यात माझ्या मनात एक गोष्ट आली. मी म्हटलं, "भाऊ, तसेच थांबा." पुन्हा मेन पाडायला लावला. हॉलमध्ये जाऊन ऑप्टिकलच्या जागी जुनी तांब्याची केबल जोडली आणि मेन पुन्हा चालू करायला सांगितलं. स्पीकरमध्ये घरघर सुरू झाली.

"आता बघा," मी आतून ओरडले.

"बुझल्यासारखा झाला, मॅडम. जरासाच आहे."

मला करंटची सगळी वाट दिसली. टिनावरचा करंट डिशच्या केबलने बॉक्समध्ये, बॉक्समधून माझ्या तांब्याच्या केबलने अँप्लिफायरमध्ये आणि त्याच्या तीन पिनांच्या प्लगमधून हॉलच्या अर्थिंगमध्ये उतरत होता. सासूबाईंच्या मुंग्या भजनांनी गेल्या नव्हत्या. त्या घरघरीने नेल्या होत्या. आणि आदल्या संध्याकाळी मी ती एकच वाट बंद केली होती, वर नवऱ्याला बोलावून शांतता ऐकवली होती.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने आईच्या गोळ्यांची पट्टी हातात घेतली. मग म्हणाला, "म्हंजे आई दोन महिने करंटच खाऊन राह्यली होती? अन आपण तिले गोळ्या देऊन राहिलो?"

त्याच आठवड्यात सगळी वायर बदलली, खांबाला आणि टिनाला वेगळी अर्थिंग दिली, गळती झाली की आपोआप पडणारा स्विच बसवला. लोखंडी तार नवऱ्याने स्वतः कापून काढली. तिथे नायलॉनची दोरी आली.

भावाने फोनवर विचारलं, शेवटी केबल कोणती ठेवली? मी म्हटलं, ऑप्टिकलच. तिचा काय दोष? मग मी त्याला पुढचं सगळं सांगितलं.

सासूबाईंनी कंबर बरी झाल्यावर कपडे धुणं पुन्हा सुरू केलं. आम्ही नको म्हणतो, त्या ऐकत नाहीत. दोरी नायलॉनची आहे, तिच्यातून काही येत नाही, हे मी त्यांना किती वेळा समजावलं. तरी लुगडं टाकण्याआधी, करंट असला तर चिकटू नये म्हणून, त्या हात उलटा करतात, बोटांच्या मागच्या बाजूने दोरीला जरासं शिवून बघतात, आणि मागे वळून मला म्हणतात, "तू तिथंच ऱ्हाय वो. जवळ येऊ नको."