राजाभाऊंनी ओव्हरहॉल केलेला अ‍ॅम्प

राजाभाऊ आठल्ये निरुत्तर झालेले मी एकदाच पाहिले, आणि तेही त्यांच्याच बैठकीत. एरवी हा माणूस गप्प बसणाऱ्यातला नाही. पाण्याची मोटर कुठली घ्यावी, गच्चीला कुठला रंग लावावा, मुलीचं लग्न किती लांबवलं तरी चालतं, या सगळ्यावर त्यांचं मत तयार असतं, आणि कुणी विचारण्याची ते वाट बघत नाहीत. मी त्यांची लखनौच्या इंदिरा नगरमधली शेजारीण, त्यांच्या बायकोची, विभाची, मैत्रीण. मूळची कोल्हापूरची, त्यामुळे मतं मलाही आहेत. आमचं जमतं ते भांडूनच.

राजाभाऊंची सगळी नोकरी मानक नगरला रेल्वेच्या संशोधन संस्थेत गेली. रेल्वेची एक रीत आहे. डबा असो, इंजिन असो, ते बिघडण्याची वाट बघायची नाही. ठरल्या मुदतीला ते पूर्ण उघडायचं, झिजलेले भाग बदलायचे, रंग द्यायचा आणि मगच रुळावर सोडायचं. याला ओव्हरहॉल म्हणतात. निवृत्त झाल्यावर राजाभाऊंनी ही रीत घरात आणली. मिक्सर, शिलाई मशीन, कूलर, कुणीही त्यातून सुटलं नाही. शिवाय रेल्वेत काढलेला जुना माल स्टोअरला परत करावा लागतो. घरात स्टोअर नाही, म्हणून काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून डब्यात जातो आणि डबे पलंगाखाली. विभाला त्या पलंगाखाली झाडू घालता आल्याला जमाना झाला.

त्यांची मुलगी हिमानी गिटार वाजवते. छंद म्हणून नाही, पोटासाठी. बँडबरोबर कार्यक्रम करते, दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला वाजवते. आईवडील मराठीत बोलतात, ती हिंदीत उत्तर देते, आणि लखनौची असल्यामुळे भांडतानासुद्धा वडिलांना ‘आप’ म्हणते. वडिलांचा हट्टीपणा मात्र तिने जसाच्या तसा घेतला आहे.

छावणीतल्या एका निवृत्त ब्रिगेडियरच्या पत्नीने घर आवरायला काढलं तेव्हा हिमानीने त्यांच्याकडून एक अ‍ॅम्प विकत घेतला. गिटारचा आवाज मोठा करणारी ती पेटी. ही साठच्या दशकातली, विलायती, आत जुन्या रेडिओसारखे काचेचे व्हॉल्व्ह. तेव्हापासून आठल्यांच्या जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. हिमानीचं म्हणणं, जुना माल घ्यावा, त्याची किंमत चढतच जाते. राजाभाऊंचं म्हणणं, यंत्राची किंमत ते काम किती करतं यावर. हल्ली काही कारागीर ऑर्डर घेऊन एकेक अ‍ॅम्प हाताने बनवतात, त्यांना बुटीक अ‍ॅम्प म्हणतात, तसला घे, निदान कोणी बनवला ते तरी माहीत असेल. त्यावर हिमानी सांगायची की बुटीकचा भरवसा नाही. कारागिराचं नाव झालं तर ठीक, नाहीतर खोक्यातून बाहेर काढला की अर्धी किंमत. हे ऐकून ऐकून मीही त्यात तयार झाले. भाजीवाल्याशी घासाघीस करताना माझ्या तोंडून एकदा रीसेल हा शब्द गेला.

मग एका कार्यक्रमात ऐन गाण्यात तो जुना अ‍ॅम्प मुका झाला. हिमानी घरी आली ती ठरवूनच. पुण्याच्या सुबोध नावाच्या कारागिराकडे तिने पूर्वीच नंबर लावून ठेवला होता, आणि तो नेमका तेव्हाच आला. सुबोधचा माल जुना झाला तरी नव्याच्या भावात जातो, कारण त्याच्याकडची रांग मोठी. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. पैसे उभे करायचा मार्ग एकच, जुना अ‍ॅम्प विकणं. कानपूरचे निगम म्हणून एक संग्राहक फोटो बघूनच तयार झाले. रविवारी येतो म्हणाले. हिमानी मधले दिवस बनारसला कार्यक्रमाला गेली.

आणि राजाभाऊंच्या हातात आठवडा पडला.

घरातली वस्तू घराबाहेर जाणार आणि ती बिघडलेली जाणार, हे त्यांना सहनच होणार नव्हतं. त्यांनी अ‍ॅम्प उघडला. सगळे जुने कंडेन्सर काढून नवे घातले. स्पीकरचा कागद फाटला होता, स्पीकरच बदलला. दोन पिनांची वायर काढून अर्थिंगची तीन पिनांची घातली, शॉक बसू नये म्हणून. जुनं रेग्झिन अलगद सोलून घडी करून ठेवलं आणि पेटीला नवं, मरून रंगाचं चढवलं. शनिवारी मला बोलावून दाखवला. खरं सांगते, इतका देखणा दिसत होता की मी म्हटलं, राजाभाऊ, निगम दोन पैसे वरच देतील. ते म्हणाले, द्यायलाच पाहिजेत.

रविवारी सकाळी हिमानी स्टेशनवरून थेट घरी आली, तिच्या मागोमाग निगम. मीही होते म्हणण्यापेक्षा मी मुद्दाम गेले होते. विभाने चहा आणला. राजाभाऊंनी पेटीवरची चादर काढली आणि एकेका बदललेल्या भागाचं नाव सांगायला लागले.

हिमानी खाली बसली. नुसती पेटीच्या मरून रंगाकडे बघत राहिली. निगम अदबीचे गृहस्थ, त्यांनी कप खाली ठेवला आणि हळू सांगितलं, “साहब, मैं तो वो साठ साल ख़रीदने आया था। वो आपने निकाल दिए।”

संग्राहकाला चालणारा अ‍ॅम्प नको असतो, जसाच्या तसा हवा असतो, हे त्यांनी नंतर समजावून सांगितलं. मूळचा फाटका कागद, मूळचे सुकलेले कंडेन्सर, मूळचा मळका रंग, सगळी किंमत त्यातच. राजाभाऊ तोंड उघडून परत मिटत होते. मला त्या क्षणी हसू यायला हवं होतं, इतकी वर्षं मी याचीच वाट बघत होते. पण आलं नाही. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

निगम उठले आणि जाता जाता, काही आशा न ठेवता, त्यांनी विचारलं की काढलेले भाग कचऱ्यात गेले असतील ना. विभा आत गेली आणि पलंगाखालचे दोन डबे घेऊन आली. प्रत्येक कंडेन्सरला चिठ्ठी, कुठला, कुठून काढला. फाटका स्पीकर कापडात. रेग्झिनची घडी. निगम परत बसले. सगळं होतं तसं बसवून द्याल तर ठरलेल्या भावात घेतो, म्हणाले. राजाभाऊंनी सरळ जमिनीवर बसून डबा उघडला.

दुपारचं जेवण त्या दिवशी कुणी नीट जेवलं नाही. राजाभाऊ सोल्डर घेऊन बसले, हिमानी टॉर्च धरून. चांगले भाग काढायचे आणि वाईट घालायचे, असं काम त्या माणसाने जन्मात केलं नव्हतं. पण केलं, नेटकं केलं. प्रत्येक जुना कंडेन्सर आपल्या जागी, सांधा चकचकीत. मग अर्थिंगच्या वायरीपाशी हात थांबला.

हे काढणार नाही, म्हणाले. निगमांनी समजावलं, मूळची वायर दोन पिनांचीच, आणि मी हा लावणारही नाही, काचेच्या कपाटात ठेवणार. राजाभाऊंनी विचारलं, “घर में बच्चे हैं?”

“नाती है। चार बरस का।”

“तो तार रहेगी।”

निगम म्हणाले, मग भाव कमी होईल. बराच. राजाभाऊंनी हिमानीकडे पाहिलं. पैसे तिचे, नंबर तिचा, सोमवार उद्यावर आलेला. हिमानीने टॉर्च तशीच धरून ठेवली आणि निगमांना सांगितलं, तार रहेगी, अंकल.

निगम अ‍ॅम्प घेऊन गेले. जे मिळालं त्यात सुबोधचा अ‍ॅम्प बसत नव्हता. राजाभाऊ आरामखुर्चीत डोळे मिटून पडून होते आणि विभा मला खुणेने सांगत होती, काही बोलू नकोस. हिमानी गॅलरीत जाऊन पुण्याला फोनवर बोलत होती, बराच वेळ. परत आली ती सांगतच आली की ठरलं. सुबोध तिला नुसती आतली यंत्रणा आणि स्पीकर देणार आहे, लाकडी पेटीशिवाय. तेवढ्याला पैसे पुरतात. पेटी बाबा बनवतील.

राजाभाऊंनी डोळे उघडले. “मी नाही हात लावणार,” ते म्हणाले. “आज कळलं मला. सुबोधची पेटी नसेल तर तो सुबोधचा राहणार नाही. उद्या विकायला काढलास तर कोण घेईल? माझा हात लागला की किंमत पडते, बाई.”



हिमानी त्यांच्यासमोर पाटावर बसली. “पता है, बाबा। कोई नहीं लेगा,” ती म्हणाली. “मुझे बेचना ही नहीं है।”

विभाने पदर डोळ्यांना लावला आणि मीही लावला. राजाभाऊंनी खुर्चीच्या हातावर बोटांनी माप घ्यायला सुरुवात केली.

“प्लायवूड चालणार नाही,” ते म्हणाले. “सागवान घेऊ. आणि लोक काय सांगतात ते ऐकू नकोस, कोपऱ्यांना खिळा मारायचा नसतो.”