हारासाठी काढलेला फोटो

गुलमंडीजवळच्या बोळात माझा फोटो स्टुडिओ होता. लाकडी कॅमेरा, काळं फडकं, मागं रंगवलेला पडदा. एका दुपारी पिशोरचे मामा एसटीनं आले. हातातल्या पिशवीत नवा कोरा फेटा, मागून मामी. पाण्याचा पेला हातात घेण्याआधीच मामा म्हणाले, "भाच्या, मला मेल्यावरचा फोटो काढायचाय."

"मेल्यावरचा?"

"मेल्यावर भिंतीला लागतो तो. आत्ताच काढून ठेव. मागून मी काय डोळे उघडणार नाय."

मामांची तब्येत खणखणीत होती. पण त्यांचे थोरले भाऊ नुकतेच वारले होते आणि घरात त्यांचा एकही फोटो सापडला नव्हता. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून त्यांचं तोंड कापून मोठं करून घेतलं. त्यात भावाच्या खांद्यावर एक परका हात आला, अंगठीसकट. दहाव्याला आलेला जो तो भावाबद्दल बोलायचं सोडून हा हात कुणाचा तेच विचारत होता. आपल्या मरणात दुसऱ्या कुणाचा हात नको, असं मामांनी तिथंच ठरवून टाकलं.

फेटा बांधून ते खुर्चीत बसले आणि जप्तीला आलेल्या अधिकाऱ्यासारखा चेहरा केला.

"मामा, वय किती धरू? टचिंग करताना सुरकुत्या ठेवायच्या का काढायच्या?"

"पोलीस ॲक्शनला मला मिसरूड फुटलं होतं. लाव अंदाज. सुरकुत्या निम्म्या ठेव."

"बरं, जरा हसा."

"हसू कशाला? खाली लोकं रडत असतील अन् मी वर हसत बसू?"

"लोकं रडतील हे कुणी सांगितलं तुम्हाला?" कोपऱ्यातून मामी म्हणाली.

मी काळ्या फडक्याखाली शिरलो. काचेवर ते उलटे दिसत होते, फेटा खाली, पाय वर. उलट्या माणसाच्या चेहऱ्यावरचं एरवी काही कळत नाही, पण हनुवटी थरथरलेली मला दिसली. मामीकडं न बघताच त्यांनी हळू आवाजात विचारलं, "तू तरी रडशील का?"

मामी उठली. फेट्याचा सुटलेला शेव तिनं नीट खोचला. "मला कुठली सवड? आलेल्या माणसांना चहा कोण करणार?" असं म्हणाली आणि उगीचच आणखी एकदा फेट्यावरून हात फिरवून बाजूला झाली. त्याच क्षणी मी फोटो घेतला.

प्रिंट बघून मामा म्हणाले, "डोळ्यांत पाणी कुठून आलं रे?"

"लाइटमुळं येतं."

"मग ठीक."

फोटो चांगला आला होता. इतका चांगला, की मामांना तो ट्रंकेत ठेववेना. त्यांनी तो बैठकीत टांगला आणि दसऱ्याला विहिरीवरच्या मोटारीला, नांगराला, शिलाई मशीनला झेंडूचे हार घातले, तेव्हा मामीनं उरलेला एक फोटोलाही घातला. का, तर हार वाया जाऊ नये.

दोन दिवसांनी सोयगावचे त्यांचे जुने दोस्त आले. एका लग्नात मानाची टोपी आधी कुणाला घातली यावरून दोघांचं बोलणं तुटलं होतं. आता मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायची म्हणून तोंड वाकडं करून आलेले. उंबऱ्यातून त्यांनी भिंत बघितली आणि मटकन खाली बसले.

"वहिनी, कळवलं पण नाय? लई दिलदार माणूस हो! एका टोपीपायी मी तोंड फिरवलं."

मामी मला पुढं सांगायची, "मी सांगणारच होते. पण यांच्याबद्दल कुणी इतकं चांगलं बोलताना मी कधी ऐकलंच नव्हतं, म्हणून जरा थांबले."

तोवर मामा गोठ्यातून येऊन दाराआड उभे राहिले होते. दोस्त नाक पुसायला थांबले तेव्हा मामांनी आत डोकावून म्हटलं, "आणखी सांग की."

दोस्तांनी आधी किंकाळी फोडली, मग शिव्या दिल्या, मग दोघं एकाच ताटात जेवले. पुढच्याच आठवड्यात ते माझ्या स्टुडिओत हजर. "मला बी तसाच काढ. बघू कोण कोण रडतंय."

मामा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. गेले तेव्हा चहा मामीनंच केला, सगळ्यांना पुरला. महिनाभरानं तिला विधवा पेन्शनसाठी फोटो हवा होता, म्हणून मी तिला शहरात घेऊन आलो. ती खुर्चीत बसली, पदर सारखा केला आणि समोर बघू लागली. मी फडक्याखालून बाहेरच येईना. काचेवरचं काही धड दिसत नव्हतं.

"अरे, रडतोस काय? मी अजून हाय की," मामी म्हणाली आणि स्वतःच हसायला लागली. मी घाईघाईनं फोटो घेतला. त्यात ती जरा हललीय. ऑफिसात तो चालला नाही. दुसरा काढावा लागला.