शिडी धरणारा माणूस

सांगलीहून निघालो त्या सकाळी गल्लीतली माणसं दारात जमली होती, पण आम्हाला निरोप द्यायला नव्हे, गाडी बघायला. सरकारी खात्यात तीस वर्षं नकाशे काढून निवृत्त झालेल्या आमच्या ह्यांनी एक जुनी मेटॅडोर घेतली आणि दीड वर्ष खपून तिचं घर केलं. आत दोन बाकांचा पलंग, स्टोव्हसाठी ओटा, खिडक्यांना माझ्या जुन्या साडीचे पडदे. सगळ्यात जास्त कौतुक टपाचं. टपावर दोन आडव्या लोखंडी पट्ट्या ठोकून त्यांवर अंथरुणांची मोठी ट्रंक, पाण्याचा डबा आणि घडीच्या खुर्च्या दोरीने बांधल्या होत्या. नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास असली गाडी आमच्याकडे कोणी पाहिली नव्हती, त्यामुळे हे जरा हवेतच होते.

माझं मन मात्र थाऱ्यावर नव्हतं. दिवाळीपासून हे अंथरुणातून उठले की क्षणभर भिंत धरायचे. विचारलं तर म्हणायचे, "काही नाही, पायाला मुंग्या आल्या." तीस वर्षांच्या संसारात पायाला मुंग्या आल्या म्हणून त्यांना डोळे मिटून उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आणि असा माणूस रोज संध्याकाळी अंथरुणं काढायला चाकावर एक पाय, खिडकीच्या चौकटीवर दुसरा पाय देऊन टपावर चढणार होता. शिडी घ्या म्हटलं, तर म्हणाले, "शिडी म्हाताऱ्यांना लागते." मी गप्प बसले. प्रवासाच्या तोंडावर भांडण नको, हे एक कारण. दुसरं असं, की दीड वर्ष जिच्यावर जीव लावला ती गाडी दारात उभी करून ठेवायला सांगायची माझी छाती होत नव्हती.

अजिंठ्याचा घाट उतरून खानदेशात आलो तेव्हा फाल्गुन लागला होता. कापूस वेचून झालेली शेतं, मधूनच एखादा केळीचा हिरवागार मळा आणि दुपारचं कडक ऊन. जळगावला एक मुक्काम करून आम्ही बोदवडच्या बाजूला निघालो. ह्यांना तिकडची जुनी धाब्याची घरं (मातीच्या सपाट छपराची घरं) पाहायची होती. नकाशे काढणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या छपराचाही सोस असतो.

बोदवडच्या अलीकडे एका गावाच्या तोंडाशी टपावर खडखडाट झाला. उतरून बघतो तर पुढच्या पट्टीचे स्क्रू पत्रा फाडून वर आलेले आणि ट्रंक एका अंगाला कललेली. हे लगेच चाकावरून वर चढले. ट्रंकेला हात घालायला म्हणून त्यांनी पत्र्याच्या बरोबर मधोमध पाय टाकला, तसा पत्रा धप्पकन खाली बसला, ह्यांचा तोल गेला आणि घसरत घसरत ते कडेला लोंबकळले. मी नुसतीच ओरडत होते. तेवढ्यात समोरच्या घरातून एक म्हातारी धावत आली आणि तिने ह्यांचे दोन्ही पाय कवेत धरले.

"सोडा आता हात, भाऊ! धरेल हाये मी!"

हे खाली आले. कोपर खरचटलं, सदरा फाटला, बाकी धडधाकट. म्हातारी सत्तरीची, शिडशिडीत, नऊवारीचा ओचा वर खोवलेला. सगळं गाव तिला अक्का म्हणत होतं, आम्हीही तेच म्हणू लागलो.

"मंधात पाय काबर टाकला, भाऊ?" तिने विचारलं. "छपरावर पाय द्याचा तं हाडावर द्याचा. मंधात काय हाये? नुसता पत्रा!"

आमच्या ह्यांना छपराबद्दल कोणी काही सांगितलेलं आवडत नाही, पण लोंबकळून नुकत्याच उतरलेल्या माणसाला फार बोलता येत नाही.

अक्काने आम्हाला जाऊ दिलं नाही. तिचं घर धाब्याचंच होतं. अंगणात कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवून ती वांगी भाजायला बसली. त्या वांग्यांचं भरीत, कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि कच्चा कांदा असं जेवण अंगणातच झालं. हिरवी मिरची वांग्यासोबतच ठेचली होती. डोळ्यांतून पाणी आलं तरी मी दुसरी भाकरी मागून घेतली.

जेवणानंतर अक्का म्हणाली, "चला, बिबडे उलटवाचे हायेत." बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. ते धाब्यावर वाळत घातले होते. भिंतीला निसण (शिडी) टेकवलेली होती. घर दाखवायचं म्हणून तिने आधी ह्यांना वर बोलावलं. हे चढू लागले आणि चौथ्या पायरीवर थांबले. दोन्ही हातांची बोटं शिडीवर पांढरी पडलेली मला खालून दिसली. डोळे मिटलेले होते.

अक्का वर उभी होती. तिने सगळं पाहिलं, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

"भाऊ, तुमी उतरा खाले," ती अगदी सहज बोलली. "आमच्या घरी निसण धरनारा पक्का लागतो. पोरीसोरींचं काम नही ते. तुमी धरा, ताईले येऊ द्या वर."

हे उतरले आणि शिडी धरून उभे राहिले. माझ्या आयुष्यात मी माळ्यावरसुद्धा कधी चढले नव्हते. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवणार, तोच वरून अक्का म्हणाली, "असं नही, ताई. आधी इचारा, धरली का? खालचा माणूस धरली म्हनला, की मंगच पाय उचलाचा. उतरतानाबी तसंच. उत्तर आलं नही, तं पाय टाकाचा नही."

मी विचारलं, "धरली?"

हे जरा लाजून म्हणाले, "धरली."

वर अक्काने मला चालायला शिकवलं. "अठी पाय ठेव, अठी खाले सर हाये," म्हणत ती पायाच्या अंगठ्याने माती ठोकायची. सर म्हणजे छपराचा आडवा जाड वासा. तो असेल तिथे आवाज घट्ट यायचा, नसेल तिथे पोकळ. बिबडे उलटवता उलटवता मी विचारलं, "ही धरली-धरलीची रीत तुमच्या घरी पहिल्यापासून आहे का?"

अक्काने हातातला बिबडा खाली ठेवला. "नही, ताई. ते मीच पाडेल हाये. आमचे मालक माती टाकाले वर चढेल होते. निसण मी धरेल होती. चुलीवर दूध उतू जाऊन ऱ्हायलं होतं, त्याचा वास आला न् मी चुलीकडे पयाली. ते उतराले लागले, निसण घसरली. वाचले, पन उभी जिनगी लंगडत चालले. मले कधी एका शब्दानं बोलले नहीत. तवापासून दूध उतू गेलं तं जाऊ दे म्हनते मी, निसण सोडाची नही."

अक्का पुन्हा बिबडे उलटवू लागली. खाली हे शिडी धरून उभे होते, हलले नव्हते. त्यांनी हे ऐकलं असेल का, असा विचार माझ्या मनात आला, पण मी विचारलं नाही.

निघताना अक्काने बिबड्यांची थप्पी बांधून दिली आणि नरडाण्याच्या हिलालभाऊंचा पत्ता सांगितला. हा माणूस पूर्वी बोदवडला लोखंडकाम करायचा, आता गावाकडे जाऊन नरडाण्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत त्याने स्वतःचं दुकान टाकलं होतं. आम्ही ट्रंक गाडीच्या आत घेतली. रात्री तिच्यावर पाय पसरून झोपलो आणि दुसऱ्या दिवशी एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचलो. तिथे शेवभाजीने माझ्या जिभेची उरलीसुरली साल काढली. मग आग्रा रोडने नरडाणा.

हिलालभाऊ पस्तिशीचे, कमी बोलणारे. ह्यांनी त्यांच्यापुढे टपाचा नकाशा पसरला. त्यांनी तो नीट पाहिला आणि तितकाच नीट घडी करून परत दिला.

"नकाशा एक नंबर शे, भाऊ. पन पत्राले नकाशा वाचता येत नही. बठ्ठं वजन पत्रावर शे, खाले हाडच नही." बठ्ठं म्हणजे सगळं, शे म्हणजे आहे.

मग त्यांनी बोटाच्या पेराने पत्रा ठोकत ठोकत टपाखालच्या पट्ट्या शोधल्या आणि तिथे खडूने रेघा मारल्या. अक्काचा अंगठा आणि हिलालभाऊंचं बोट, काम एकच. मला हसू आलं. हे मात्र हसले नाहीत, वाकून कान देऊन ऐकत होते. संध्याकाळपर्यंत तीन चौकोनी पाइप बसले. एकही भोक न पाडता टपाच्या कडेच्या पन्हाळीवर पकडी घट्ट केल्या, त्यांच्याखाली ट्यूबचं रबर, प्रत्येक बोल्टला दोन-दोन नट. पाइपांवर पाय ठेवायला एक फळी. मागच्या बाजूला शिडी, वर अडकवायला आकडे आणि खाली घसरू नये म्हणून रबराचे बूट. पाण्याचा डबा त्यांनी वर चढवूच दिला नाही. "जड बठ्ठं खाले, हलकं वर," म्हणाले.

शिडी लावल्यावर हिलालभाऊंनी ह्यांच्याकडे पाहिलं. "चढा, भाऊ, पाही ल्या."

हे क्षणभर शिडीकडे पाहत राहिले. मग दोन्ही हातांनी ती धरून म्हणाले, "मी धरतो. चढणार ह्या आहेत."

फळी कुठे पकडायची, पाइपावर पाय कसा आडवा टाकायचा, हे सगळं हिलालभाऊंनी मलाच दाखवलं. पन्नास वर्षांच्या बाईला टपावर चढायला शिकवताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर एकदाही हसू आलं नाही, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. निघताना म्हणाले, "पन्नास किलोमीटर जावा, मंग थांबा, बठ्ठा नट परत कसा." आम्ही थांबलो आणि कसले. दोन नट खरंच सैल झाले होते.

पिंपळनेरला पांझरेच्या काठी मुक्काम केला. सकाळी अंथरुणं वाळत घालायला मी एकटी टपावर गेले. पश्चिमेला डोंगर एकामागे एक निळे होत गेलेले, बाजाराला निघालेल्या बाया डोक्यावर टोपल्या घेऊन रांगेने नदी उतरत होत्या. त्यातल्या एकीने मला टपावर बघून पदर तोंडाला लावला आणि हसत हसत हात हलवला. मीही हलवला. "काय दिसतंय?" खालून ह्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं आणि ते शिडी धरून ऐकत राहिले. नागलीच्या भाकरीचा वास कुठूनसा येत होता. इतकं निवांत मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

सटाणा, नाशिक करत आम्ही सांगलीला परतलो. घर उघडलं, शेजारणीने आणून दिलेलं दूध गॅसवर ठेवलं आणि ते तापेपर्यंत ट्रंक रिकामी करावी म्हणून मी टपावर चढले. अंथरुणं खाली टाकली, खुर्च्या दोरीने सोडल्या. मग पाठमोरी होऊन विचारलं, "धरली?"

उत्तर आलं नाही. अक्काच्या रीतीप्रमाणे मी पाय मागे घेतला आणि थांबले.

"एक सांगायचंय," खालून आवाज आला. "मला चक्कर येते. दिवाळीपासून. मुंग्या वगैरे काही नाही. वर बघितलं की सगळं फिरतं. तुला सांगितलं असतं तर गाडी निघालीच नसती."

मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता आणि त्यांना माझा. तेच बरं होतं. माझे डोळे भरून आले होते. मी म्हणाले, "मला माहीत होतं. मीही बोलायला घाबरले. उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

"जाऊ."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून जळका वास आला. "अहो, दूध!" मी ओरडले. "पळा, दूध उतू गेलं!"

हे जागचे हलले नाहीत.

"जाऊ दे," ते म्हणाले. "धरली. ये खाली."

कानात दोष निघाला, औषधांनी पुष्कळ उतार पडला. खानदेशात आम्ही पाहायला गेलो होतो छपरं, आणि पाहिलीही. पण एका अनोळखी म्हातारीने आपलं सगळ्यात मोठं दुःख दोन वाक्यांत माझ्या ओटीत घातलं, त्याचे उपकार कसे फेडायचे ते मला अजून कळलेलं नाही. परतलो त्या संध्याकाळी अक्काला कार्ड लिहायला बसले, पण आधी शेगडी घासायची होती. जळलेलं दूध निघता निघत नव्हतं. अर्धा तास घासत होते, आणि हे बाजूला उभे राहून अपराध्यासारखे पाणी ओतत होते. इतक्या आनंदाने मी आजवर काहीही घासलेलं नाही.