चौथ्या प्रतीचा जोर

तिला चहा पिण्यासाठी लागत नसे, धरण्यासाठी लागत असे. सकाळी दुकानात आली की ती काचेचा गरम ग्लास आधी उजव्या मनगटाला लावी, मग तळव्यात धरी, मग अंगठ्याच्या बुडाशी दाबून ठेवी. ग्लास निवला की म्हणे, "घ्या सर, आता तुमी प्या. माजं काम झालं."

पनवेलच्या कचेरीजवळ दस्त टाइप करून देणारी दुकाने तुम्ही पाहिली असतील. तशाच एका दुकानात ती टायपिस्ट होती आणि मी, शाळेतून निवृत्त झालेला मराठीचा मास्तर, तिने टाइप केलेला मजकूर मूळ कागदाशी ताडून पाही. प्रत्येक पान वाचून झाले की कोपऱ्यात पेन्सिलीने बरोबरची खूण करायची, एवढेच माझे काम. ती जवळच्या विचुंबे गावची. गेल्या वर्षी ती तापाने गेली. हात दुखून माणूस मरत नाही, म्हणून हाताच्या दुखण्याला कोणी आजार म्हणत नाही.

ती टायपिंग शिकली ती जुन्या मशीनवर. कार्बन घालून चार प्रती काढायच्या आणि चौथी प्रत वाचता आली पाहिजे, म्हणून प्रत्येक अक्षर ठोकायचे. दुकानात कॉम्प्युटर आले, कार्बन गेले, पण तिच्या बोटांना ते कधी कळले नाही. कीबोर्डवर ती अशी तुटून पडे की बाहेर बाकावर बसलेली दस्ताची पार्टी वळून पाही.

"अगं, हळू दाब. याला जोर लागत नाही," मी म्हणे.

"म्हाईत हाय सर. पन हळू दाबलं का अक्षर उठलंच नाय असं वाटतं."

विमानतळाची बोलणी सुरू झाली आणि जमिनींना पाय फुटले. दिवसाला दोन दस्त होत, ते सात-आठ होऊ लागले. तेव्हा तिचे मनगट दुखू लागले, मग कोपर, मग खांदा. घरी वेणी घालता येईना, ती भावजय घालू लागली. आई म्हणाली, "आमी जल्मभर भात झोडलं, आमचं हात नाय दुखलं. तू पंख्याखाली बसून बटनं दाबतेस." दुकानाचे शेठ म्हणाले, "कुदळ मारतेस काय इथे?" आपटा गावी कोणी हाडवैद्य होता, त्याने तेल चोळून दिले. खांदा कॉलनीतल्या डॉक्टरने दोन महिने विश्रांती सांगितली. ते सांगताना ती हसली.

"डॉक्टर म्हनतो, हाताला आराम द्या. आता हात घरी ठेवून एकटीच येऊ काय कामाला?"

तिने स्वतःच एक वाट काढली. दस्तातला बहुतेक मजकूर दरवेळी तोच असतो. जुना दस्त उघडायचा, नावे, गट नंबर आणि चतुःसीमा तेवढी बदलायची. तासाभराचे काम पंधरा मिनिटांत होई. महिनाभरात तिचा चेहरा सैल झाला. चहासुद्धा ती चक्क प्यायला लागली.

एके दिवशी एक पार्टी निबंधकांच्या कार्यालयातून तणतणत परत आली. पाचव्या पानावर आधीच्या दस्तातल्या एका म्हाताऱ्याचे नाव तसेच राहिले होते. दुसऱ्याच कोणाची जमीन तो म्हातारा आपखुशीने विकत होता. शेठनी कागद टेबलावर आपटले. "हे पान कोणी सोडलं?"

मी सोडले होते. आदल्या दिवशी मी पुस्तक वाचत बसलो होतो. दस्त समोर आला तेव्हा पुस्तकातले प्रकरण संपवायचे होते, म्हणून पाने न वाचताच खुणा करून टाकल्या. पाचव्या पानाच्या कोपऱ्यात माझी खूण होती.

तिने गठ्ठा स्वतःकडे ओढला. पान पाहिले, खूण पाहिली, माझ्याकडे पाहिले नाही. पानाची घडी करून पर्समध्ये टाकली. "माजी चूक झाली शेठ. जुन्यावरनं केला होता."

मी चष्मा काढून पुसत राहिलो. सरांच्या नजरेतून काही सुटत नाही, असे शेठ गिऱ्हाइकांना सांगत. ते मला फार आवडे.

शेठनी त्याच दिवशी हुकूम काढला. यापुढे जुन्यावरून काही करायचे नाही, प्रत्येक दस्त पहिल्या अक्षरापासून टाइप झाला पाहिजे. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर तिची वाट तिला राहिली असती. बोलणी मला बसली असती. मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

ती अजून वर्षभर टिकली. मनगटाला रुमाल करकचून बांधी. डाव्या हाताने उजवा हात उचलून टेबलावर ठेवी, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. एका दुपारी चतुःसीमेपाशी थांबली. "सर, करंगळी दाबली जात नाय," एवढे म्हणाली, पर्स उचलली आणि गेली.

चार वर्षांनी ती पुन्हा दुकानात आली, ती पार्टी म्हणून. विचुंब्याची जमीन बिल्डरला जात होती आणि बहिणींच्या सह्या लागत होत्या. भावाने पेन दिले. तिने पहिले अक्षर काढायला घेतले आणि पेन घरंगळले. पुन्हा घेतले, पुन्हा घरंगळले.

"ताई, कर की लवकर. मानसं थांबलीत," भाऊ म्हणाला.

"अंगठा लावते," ती म्हणाली.

टायपिंगच्या दोन परीक्षा पास झालेली बाई. तिच्या नावापुढे मी 'निशाणी डावा अंगठा' असे लिहिले, तिचा अंगठा शाईवर टेकवला आणि कागदावर दाबला. इतक्या वर्षांत तो हात मी पहिल्यांदा धरला होता. त्या डाव्या हातातही कसलाच जोर उरला नव्हता.

ती हळूच म्हणाली, "सर, सगली पानं वाचलीत ना?"

"वाचली," मी म्हणालो. खरेच वाचली होती, तीनदा.

"मंग झालं."

मी शाईचा पॅड मिटेपर्यंत ती उठली होती. शाई लागू नये म्हणून अंगठा पदरापासून लांब धरून ती पायऱ्या उतरली. मी पुढच्या दस्ताचे पहिले पान वाचून काढले आणि मगच खूण केली.