कोलशेतचे दोन अर्ज

भूतखेत, अंगात येणे, करणी... यांपैकी कशावरही माझा काडीइतका विश्वास नाही, हे वाचकांनी प्रथम ध्यानात घ्यावे. मराठी सहा यत्ता आणि इंग्रजीची दोन बुके मी पुरी केली आहेत, आणि ठाण्याच्या कचेरीबाहेर बसून वीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. तेव्हा जे घडले, तेवढेच लिहितो.

गेल्या हिवाळ्यात कोलशेतच्या खाडीकाठी एक सरकारी कोठार उभे राहिले. त्याच्या छपराला आतून विलायतेहून आणलेले राखाडी तक्ते ठोकले होते. ॲस्बेस्टास नावाच्या दगडाचे तंतू काढून, त्यांचा लगदा थापून ते करतात. ओव्हरसीयरने त्याचा एक तुकडा माझ्यासमोर दिव्यावर धरला... जळाला नाही. कडेचे तंतू चिमटीत धरले, तर लोकरीसारखे मऊ.

पुढे नोटीस निघाली की, आगीच्या भयास्तव कोठाराजवळच्या घरवाल्यांनी गवती छपरे महिनाअखेर उतरवावीत. तेव्हा मिठागरात राबणारी बायजाबाई नावाची विधवा माझ्याकडे आली. तिची लेक पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. बाळंतपण होईपर्यंत डोक्यावरचे छप्पर राहू द्यावे, एवढेच तिचे मागणे. सोबत तिचा दीर भिकू होता. त्याचे घर तिच्या घराला लागूनच, आणि घरात त्याची आंधळी आई. त्यालाही मुदत हवी होती.

नुसत्या विनवणीने साहेबलोक वळत नाहीत, हे मी जाणतो. म्हणून बायजाबाईच्या अर्जात लिहिले — 'अर्जदाराच्या छपरास आतून ॲस्बेस्टासचे तक्ते लाविले असून ते अग्नीस दाद देत नाहीत.' अंगठा घेण्यापूर्वी अर्ज वाचून दाखविणे, हा माझा नेम. त्याप्रमाणे वाचला, आणि तक्ते म्हणजे काय, तेही समजावून दिले.

"माजे घरान असला काय नाय, दादा," ती म्हणाली.

"साहेब आत डोकावणार नाहीत, बाई."

"सायेब नाय बगनार. पन आग काय तुजा कागूद वाचून येनार हाय?"

भिकू हसला. "मास्तर, तुमचे विलायती शब्दानी आमची कोंबरी अंड्यावरशी उठतील. माजे अर्जान गवत त गवतच लिवा."

मला ते लागले, हे कबूल करतो. त्याचा अर्ज मी दोन ओळींत उरकला — 'अर्जदाराचे छप्पर निव्वळ गवताचे आहे.' आणि त्याच्यावरचा राग काढावा म्हणून पुढे जोडले — 'ठिणगी पडताच भस्म होईल असे.' ही शेवटची ओळ मात्र मी त्यास वाचून दाखविली नाही.

चौथ्या दिवशी भर दुपारी कोलशेतला आग लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चालत तेथे गेलो. ओळीतली घरे जळून बसली होती. बायाबापड्या सांगत होत्या, भिकूचे छप्पर पेटताना कोणी पाहिलेच नाही. होते, आणि नव्हते झाले. तो आईला आणावयास आत शिरला होता. दोघेही बाहेर आली नाहीत.

जळक्या घरांच्या मध्ये बायजाबाईचे घर तेवढे उभे होते. छपरावर विझलेले निखारे पडले होते, उन्हात वाळत टाकलेल्या आमसुलांसारखे. आत तिची लेक, आणि कुशीत पहाटे जन्मलेला मुलगा.

मी वर पाहिले. तक्ते नव्हते. गवतच होते. हात लावला... लोकरीसारखे मऊ. चिमूटभर उपटून मी तिच्या चुलीत टाकले, तर ते कोणत्याही गवतासारखे भसकन जळून गेले.

बायजाबाई चुलीकडे बघत राहिली. मग तिने विचारले, "भिकूचे अर्जान काय लिवला व्हतास?"

"गवताचे छप्पर, म्हणून."

"येवराच?"

"एवढेच," मी म्हणालो.

वारा फिरला असेल, असे कचेरीतले शहाणे लोक म्हणतात. असेलही. दोन्ही बाजूंची घरे जाळून मधले सोडणारा वारा मी तरी पाहिलेला नाही, आणि दुसरा उलगडाही मजजवळ नाही. अर्ज लिहिणे मी सोडलेले नाही. मात्र आता प्रत्येक ओळ वाचून दाखविल्याखेरीज अंगठा घेत नाही. भिकूच्या अर्जातली ती शेवटची ओळ तेवढी वाचावयाची राहिली होती... ती आज येथे वाचली.